मार्गे यकृत

आमच्या शेजारचे ओव्हाळ सर नवा माणूस भेटला की नमस्काराच्या आधी त्याचं मनगट धरतात. अंगठा वर, दोन बोटं खाली आणि नजर छताकडे. समोरच्याला वाटतं, वैद्य असावेत. तो बिचारा श्वास रोखून उभा राहतो. मग सर मनगट सोडतात आणि पडेल आवाजात सांगतात, "बंद झालंय." एवढं ऐकून एका विमा एजंटाला आमच्या दारात घाम फुटला होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, की बाबा, तुझं हृदय चालू आहे. सर म्हणतात ते मनगटाच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या दाराबद्दल. ते दार विशीच्या आतबाहेर सगळ्यांचंच बंद होतं.

"हाताला कळतं का हो ते?" मी एकदा विचारलं.

"न्हाई. एक्स-रे लागतो."

"मग धरता कशाला?"

"सवय," असं म्हणून त्यांनी माझंही मनगट सोडलं. मी पन्नाशीचा आहे. माझं दार बंद असल्याची खात्री ते दर दोन-तीन महिन्यांनी करून घेतात.

प्रा. दशरथ ओव्हाळ केजच्या आमच्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून नुकतेच निवृत्त झाले. मी त्याच कॉलेजचा ग्रंथपाल. बारा वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. सरांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जणू काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली.

मुलं त्यांना सोमा सर म्हणायची. त्याचं कारण सोमॅटोमेडिन. हा शब्द अभ्यासक्रमात एका परिच्छेदापुरता आहे, पण सर त्यावर तीन आठवडे काढायचे. माझी लायब्ररी त्यांच्या वर्गाच्या भिंतीपलीकडे, त्यामुळे तो धडा मला पाठ आहे.

"मुलांनो, मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. ती वाढीचं संप्रेरक सोडते. तुम्हाला वाटेल, हे संप्रेरक सरळ हाडाकडे जातं आणि म्हणतं, वाढ बे! तसं नसतं. थेट गाडी नाही. ही गाडी मार्गे यकृत जाते. यकृतात ड्रायव्हर बदलतो. नवा ड्रायव्हर म्हणजे सोमॅटोमेडिन. हाडाच्या दाराशी जाऊन वाढवायचं खरं काम तो करतो. पाटी मात्र शेवटपर्यंत पहिल्याच्याच नावाची."

पुढे नवं संशोधन आलं. हाडं आपापल्या जागीही थोडं सोमॅटोमेडिन तयार करतात, सगळं काही यकृतावर अवलंबून नसतं, असं त्यात निघालं. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. घरात गमी झाल्यासारखे दाढी वाढवून फिरत होते. तिसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि म्हणाले, "एसटीबरोबर काळी-पिवळी जीपही चालते, एवढं वहीत लिहून घ्या." पण ते सांगताना आवाज नाराज होता.

या गाडीमुळे त्यांना एक शब्द चिकटला. कुणी काहीही सांगितलं की सर विचारतात, "मार्गे?" प्राचार्यांनी तुमची रजा मंजूर केली. मार्गे? माझ्या बायकोनं, मंगलनं, कढीचा वाडगा पाठवला. मार्गे? एकदा गावात एका पुढाऱ्याचा सत्कार होता. निवेदक माईक हलवत ओरडला, "साहेबांनी आपल्या रस्त्यासाठी वरून थेट निधी आणलेला आहे!" पहिल्या रांगेतून सरांनी अगदी निरागसपणे विचारलं, "मार्गे?" मंडपात जो हशा पिकला तो साहेबांना भाषण संपेपर्यंत पुरला. तो रस्ता अजून आलेला नाही. मार्गात कुठेतरी असेल.

सरांच्या व्हरांड्यात एक लाकडी पट्टी उभी आहे. सुतारापुढे बसून त्यांनी ती करून घेतली. मागे फळी, डोक्यावर सरकणारी आडवी पाटी, कडेला मिलिमीटरच्या खुणा. महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉलनीतली पोरं तिथं उंची मोजायला येतात. आया बरोबर असतात आणि घासाघीस करतात. "सर, एक मिलिमीटर वाढवून लिवा की, पोरगं खुश व्हईल." सर म्हणतात, "तो मिलिमीटर माझ्या घरचा न्हाई." आणि मोजण्याआधी ते प्रत्येक पोराच्या पायाशी वाकतात आणि दोन्ही टाचांखाली बोट घालून बघतात. कॉलनीत नवीन आलेल्या एका बाईंनी हे पाहिलं आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या मंगलकडे आल्या. "अवो, पांढऱ्या केसांचे प्रोफेसर माझ्या पोरीच्या पाया पडलेत! पाप कुणाला लागंल?"

तर असा माणूस. मी त्यांची टिंगल करायचो, मंगल मला दटावायची आणि आमचं शेजारपण सुखात चाललं होतं. मग अर्चना आली.

अर्चना माझ्या थोरल्या भावाची पोरगी, दिंद्रुडची. वीस वर्षांची. पोलीस व्हायचं हे तिनं पाचवीतच ठरवलं होतं. आमच्याकडे राहून ती भरतीची तयारी करत होती. पळण्यात तर ती अशी, की पहाटे तिच्याबरोबर धावायला गेलेली पोरं परतताना तिच्या मागे दिसायची. लेखीची पुस्तकं माझ्याच लायब्ररीतली, आणि ती वाचलेली असायची. अडचण एकच. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते आणि अर्चना एकशे चौपन्न पॉइंट तीन भरायची. सात मिलिमीटर. मसुरीचे दोन दाणे शेजारी ठेवले तर जेमतेम तेवढं अंतर होतं.

त्या सात मिलिमीटरसाठी पोरीनं काय केलं नाही! दाराच्या चौकटीला लोंबकळली. चौकट हलली, पोरगी वाढली नाही. कुणी सांगितली ती पावडर दुधातून घेतली. दोरीवरच्या उड्या मारून मारून खालच्या भाडेकरूंचं छत उतरवायची वेळ आणली. अर्ज भरायची ही तिची दुसरी खेप होती. मागच्या खेपेला उंचीतूनच परत पाठवलं होतं. या वेळी नाही झालं तर लग्न, असं माझ्या भावानं स्पष्ट सांगितलेलं. स्थळही बघून ठेवलं होतं.

अशात तालमीतल्या एका पोरानं तिला इंजेक्शनांचं सांगितलं. वाढीचं हार्मोन, थेट टोचायचं, दोन महिन्यांत एक इंच. मंगल म्हणाली, "आवो, डॉक्टर देत्यात म्हणं लेकरांना. हिला दिलं तर काय बिघडतंय?" मी गप्प बसलो. घरात माझं गप्प बसणं हा होकार धरतात, हे मला ठाऊक होतं. तरी बसलो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, झाली वाढ तर झाली. इतकी वर्षं वर्गाच्या भिंतीतून तो धडा ऐकून मी शिकलो ते एवढं.

इंजेक्शनांचा डबा आणून फ्रिजमध्ये ठेवला, लोणच्याच्या बरणीमागे. दुसऱ्याच दिवशी सर विरजण मागायला आले. आमच्या फ्रिजशी त्यांचा घरोबा आहे. त्यांनी स्वतःच दार उघडलं. विरजणाऐवजी ते डबा घेऊन बाहेर आले.

"तिडके, हे कुणाचं?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. अर्चना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "माझं हाय सर."

"टोचलंस?"

"न्हाई अजून. उद्या सुरू करणार हाय."

सरांनी खाली बसकण मारली. पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं मनगट धरलं आणि छताकडे पाहिलं नाही. ते पोरीच्या तोंडाकडे बघत होते.

"उद्या टोचू नको. उद्या माझ्यासंगं एक्स-रेला चल. दार उघडं दिसलं तर डॉक्टरकडं मी सोता नेतो तुला."

एक्स-रे काढला. संध्याकाळी सरांनी ती फिल्म आमच्या खिडकीच्या काचेवर धरली. मागे उन्हं होती, पोरीच्या हाताची सगळी हाडं लखलखीत दिसत होती. "हे बघ. दार उघडं असलं की इथं काळी रेघ दिसती. तिथं हाड वाढत असतं. तुझी रेघ भरून आलीय. आता गाडी सुटली तरी स्टँडचं फाटक बंद हाय. मग ती गल्लीबोळात घुसती. जबडा वाढतो, पंजे वाढत्यात, रक्तात साखर वाढती. उंची न्हाई वाढत."

"थोडीबी न्हाई?"

"एक केससुद्धा न्हाई."

अर्चनानं फिल्म त्यांच्या हातातून घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमाला काय जातंय सर सांगायला! तुमाला कुटं लग्नाला बसवणार हायत!" आणि आत जाऊन कडी लावली. मंगल सरांवर चिडली. एवढं तोंडावर सांगायची काय गरज होती, पोरीला चार दिवस आशेवर राहू द्यायचं होतं. सर चपला घालता घालता माझ्याकडे वळून म्हणाले, "आशा मी एकदा वाटलीय, तिडके. परत न्हाई वाटणार." मला काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. डबा मात्र त्यांनी सोबत नेला.

चार दिवस अर्चना त्यांच्या बाजूची खिडकीसुद्धा उघडत नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे दार वाजलं. सर उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावर ती व्हरांड्यातली लाकडी पट्टी. ते पट्टीसकट आमच्या घरात घुसले, अर्चनाच्या खोलीबाहेर ती भिंतीला टेकवून उभी केली आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "अर्चना, उठून बसू नको. आडवीच राहा. मी हाक मारली की सरळ उभी राहून पट्टीला लाग."

का कुणास ठाऊक, पोरगी आली. सर वाकले, टाचांखाली बोटं घातली, वर पाटी सरकवली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एकशे पंचावन्न पॉइंट तीन."

अर्चना खालीच बसली. मंगलनं हात जोडले.

"वाढली?" मी विचारलं.

"न्हाई हो! वाढायला कशानं वाढंल? रात्रभर माणूस आडवा असला की मणक्याच्या मधल्या गाद्या फुगत्यात. दिवसा उभं राहिलं, बसलं की त्या दबत्यात. सगळ्यांच्याच. सकाळची उंची जास्त, संध्याकाळची कमी." मग ते अर्चनाकडे वळले. "पोरी, ही चोरलेली न्हाई. ही तुझीच उंची हाय. तू ती दुपारपर्यंत सांडून टाकतीस. अन् सगळ्यात जास्त सांडती उठल्यावर पहिल्या तासाभरात."

पुढचे पंधरा दिवस सर पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी तिची उंची मोजत होते. वही घातली, आलेख काढला. निष्कर्ष असा निघाला, की पोरगी भरतीच्या मैदानापर्यंत आडवी गेली पाहिजे. केज ते बीड, पन्नासएक किलोमीटर, सपाट.

यासाठी सरांनी अजीजभाईंची पिकअप ठरवली. अजीजभाई शेळ्यांचे व्यापारी. सर तरुणपणी संशोधनासाठी शेळ्यांचं रक्त गोळा करायचे, तेव्हापासूनची ही ओळख. पिकअप धुतली होती, पण शेळ्यांनी ती कायमची आपली करून टाकलेली होती. मागे दोन गाद्या घातल्या. पहाटे चार बाप्यांनी अर्चनाला अंथरुणासकट उचलून गाडीत ठेवलं, गार वारं लागू नये म्हणून मंगलनं वर पांढरी चादर घातली, आणि उशाशी सर व पायथ्याशी मी, असे आम्ही निघालो.

पांढरी चादर ही चूक होती. नेकनूरला उजाडू लागलं आणि रस्त्यावरची माणसं थांबून हात जोडू लागली. एका मोटारसायकलवाल्यानं गाडी कडेला घेऊन टोपी काढली. मांजरसुंब्याला अजीजभाई चहाला थांबले, तर एक म्हातारा जवळ आला, चादरीकडे बघून डोळे पुसले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लई तरणी दिसतीय. कशानं गेली?" तेवढ्यात चादरीखालून हात बाहेर आला आणि आवाज आला, "काका, माझ्यापुरती बिस्किटं घ्या." म्हातारा तीन पावलं मागे गेला. अजीजभाईंनी केबिनमधून डोकं काढून खुलासा केला, "कोई नै मरा चाचा. हाइट लेके जा रै हम लोगां."

प्रत्येक गतिरोधकाला सर ओरडायचे, "अजीजभाई, हळू! दोन मिलिमीटर गेले!" आणि अर्चना पडल्या पडल्या खुदुखुदू हसायची. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

साडेसहाला आम्ही मैदानाच्या फाटकाशी पोचलो आणि तिथं सगळेच गार पडलो. आत रांग होती. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुलीच मुली. आतून आलेल्या एकीनं सांगितलं, या नंबरची पाळी यायला अकरा वाजतील. साडेचार तास उभं राहायचं. मी सरांकडे पाहिलं. पंधरा दिवस आलेख काढणारा, जगाला मार्ग विचारणारा हा माणूस रांग विसरला होता. त्यांच्या वहीत पिकअप होती, गाद्या होत्या, खड्डे होते. रांग नव्हती.

"माझं चुकलं," सर म्हणाले. "तिडके, माझं चुकलं."

अर्चनाला फाटकातून आत घेतलं, आम्हाला बाहेर ठेवलं. आम्ही कुंपणाच्या जाळीला धरून उभे राहिलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. सर घड्याळ बघत पुटपुटत होते, "दोन गेले. तीन गेले." आणि मग या भल्या गृहस्थानं, ज्यानं तीस वर्षांत वर्गातसुद्धा आवाज चढवला नव्हता, जाळीला तोंड लावून बोंब मारली, "अर्चना! झोप! खाली झोप!"

अख्ख्या मैदानानं मागे वळून पाहिलं. पोरगी लाजली, इकडेतिकडे पाहिलं, मग गळ्यातला टॉवेल जमिनीवर टाकला आणि रांगेत आडवी झाली. पुढच्या मुलीनं विचारलं, कावून झोपलीस गं? अर्चनानं पडल्या पडल्या सगळं शास्त्र सांगितलं. ती मुलगी एकशे चौपन्न पॉइंट सात होती. तीही झोपली. मग तिच्या पुढची. दहा मिनिटांत रांगेतल्या वीस-पंचवीस मुली जमिनीवर सरळसोट पडल्या होत्या, आणि रांग पुढे सरकली की सगळ्या टॉवेलसकट सरपटत पुढे व्हायच्या.

एक बाई हवालदार काठी आपटत आल्या. "ए, उठा! उपोषण हाय का आंदोलन हाय?"

"न्हाई मॅडम," खालून पाच-सहा आवाज आले. "उंची हाय."

मॅडमनी आडव्या रांगेवरून नजर फिरवली. त्याही फार उंच नव्हत्या. मग त्यांनी काठी काखेत मारली. "झोपा. पण नंबर चुकवू नका."

सव्वाअकराला अर्चना उठली आणि मोजणीच्या तंबूत शिरली. आम्हाला आतलं काही दिसत नव्हतं. मग ती बाहेर आली, आणि आमच्या दिशेनं सुसाट पळत सुटली.

"काका! एकशे पंचावन्न पॉइंट एक!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी उगाच लपवत नाही. अजीजभाई "मुबारक, मुबारक" म्हणत जाळीवरच थापा मारायला लागले. आणि ओव्हाळ सरांनी काय विचारावं?

"टाचा टेकल्या होत्या का?"

मला असा संताप आला! "अहो सर, पोरीचं आयुष्य मार्गी लागलं आणि तुम्ही टाचा काय विचारताय?"

अर्चना मात्र त्यांच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "टेकल्या होत्या सर. त्यांनी दाबून बघितल्या. तुमची शप्पत."

सर कुंपणाशी धुळीत खाली बसले आणि रडायला लागले. आवाज न करता, दोन्ही हात तोंडावर धरून.

तिला दुपारी धावायचं होतं. ती परत आत गेली. पलीकडे चहाच्या टपरीवर मी सरांना नेऊन बसवलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस स्वतःबद्दल बोलला.

सरांना एक बहीण आहे. सुमन. दहा वर्षांनी धाकटी. युसूफ वडगावला त्यांच्या जुन्या घरी राहते. सर दर रविवारी दुपारी वडगावला जातात हे मला ठाऊक होतं. पाहुणे असतील, जमिनीचा तुकडा असेल, असं समजून मी कधी चौकशी केली नव्हती. सुमन सात-आठ वर्षांची झाली आणि तिची वाढ जवळजवळ थांबली. गावात नाना उपाय सांगायचे. दशरथ तेव्हा औरंगाबादला शिकत होता. तिथं त्यानं पुस्तकात वाचलं की वाढ यकृताच्या मार्गानं होते. विशीतल्या पोराला वाटलं, कोडं सुटलं. सुमीचं यकृत कमजोर आहे, तिला यकृत खाऊ घालायचं. मग प्रत्येक सुट्टीला तो खाटकाकडून कलेजी आणायचा, स्वतः शिजवायचा आणि बहिणीला समोर बसवून खाऊ घालायचा. खाऊन झालं की भिंतीला उभं करून कोळशानं रेघ मारायची. आणि सुमी वाढत होती. दर सुट्टीला बोटभर.

"दोन वर्षं वाढली, तिडके. मी वहीत लिवलं. माझ्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, पोरीला घेऊन ये. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं नर्सनं उभं केलं अन् तिच्या टाचा दाबल्या. उंची दोन वर्षांपूर्वी होती तेवढीच निघाली."

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"पायघोळ परकर असायचा तिचा. आतून टाचा उचलायची. दर सुट्टीला थोड्या जास्त. मी लई वरडलो तिच्यावर, सगळ्या दवाखान्यासमोर. म्हणलं, कावून केलंस असं? तर म्हणाली, दादा, रेघ वर गेली की तू लई हसायचास." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कलेजी तिला वास मारायची. खायची अन् घरामागं जाऊन वकायची. तेबी मला म्हाईत न्हवतं."

तिच्या रक्ताची तपासणी झाली. वाढीचं संप्रेरक भरपूर होतं, सोमॅटोमेडिन जवळपास नव्हतंच. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. पुढे बऱ्याच वर्षांनी औषध निघालं. पण ते औषध हाडाचं दार उघडं असेपर्यंतच चालतं, आणि सुमनचं दार कधीच बंद झालं होतं. ती बातमी सरांनी माझ्याच लायब्ररीत बसून वाचली होती, आणि मी त्यांना सांगितलं होतं की लायब्ररी बंद करायची वेळ झाली, उठा.

दुपारी अर्चना धावण्यातही पहिल्या पाचांत आली. परतीच्या वाटेवर ती केबिनमध्ये ताठ बसली होती. केज आलं तसं सर मागून म्हणाले, "अजीजभाई, गाडी जरा वडगावला घेता का? सुमीला सांगायचंय."

उन्हं कलताना आम्ही पोचलो. बौद्धवाड्याच्या कडेला दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. पडवीत शिलाईचं मशीन, त्याचे पाय सुतारानं कापून आखूड केलेले, आणि खुंट्यांवर शाळेच्या गणवेशांची रांग. गाडीचा आवाज ऐकून सुमनबाई बाहेर आल्या. केस पिकलेले, चष्मा, गळ्यात मोजपट्टी. माझ्या कमरेच्या जराशा वर त्यांचं डोकं येत होतं. त्या दिसताच सर पायरीवर खाली बसले. बहिणीशी ते उभ्यानं बोलत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं.

"सुमे, ही अर्चना. भरतीत उंची पास झाली आज. टाचा टेकवून."

सुमनबाईंनी भावाकडे पाहिलं. त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्या अर्चनासमोर येऊन उभ्या राहिल्या. मान वर केली, आणखी वर केली, एका हातानं चष्मा धरला आणि मनापासून म्हणाल्या, "आगं बाई! केवढी उंच पोरगी ही!"

जन्मात कुणी अर्चनाला असं म्हटलं नव्हतं. पहाटेपासून ताठ असलेली माझी पुतणी तिथंच गुडघ्यांवर बसली, सुमनबाईंच्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.